वसुलीवाल्याला परीक्षा आहे, कर्ज विकणाऱ्याला का नाही?

कर्जाचे हप्ते थकले की वसुलीसाठी जो माणूस दारात येतो, त्याला ट्रेनिंग घेतल्याशिवाय येता येत नाही, निदान नियम तरी तसा आहे. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना सांगून ठेवलंय की रिकव्हरी एजंटला १०० तासांचं ट्रेनिंग हवं आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची परीक्षा पास झालेला हवा. आयुर्विमा विकणारा एजंट परीक्षा देतो. म्युच्युअल फंड विकणारा एनआयएसएम या संस्थेची परीक्षा देतो, मग त्याला एआरएन म्हणजे वितरकाचा नोंदणी नंबर मिळतो, त्याशिवाय त्याला कमिशनचा एक रुपया घेता येत नाही. फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटला महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाची, नोंदणी लागते आणि जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर ट्रेनिंग आणि परीक्षा पण लागते, सर्टिफिकेट न दाखवलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली होती.

आता त्याच फ्लॅटचं कर्ज करून देणारा माणूस घ्या. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षांचा हप्ता, मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात याहून मोठ्या रकमेच्या कागदावर सही करत नाही. ते कर्ज कुठल्या बँकेचं घ्यायचं, किती वर्षांचं, फ्लोटिंग की फिक्स्ड, सोबत विमा घ्यायचा की नाही, हे सगळं ज्याच्या सल्ल्याने ठरतं त्याला ना परीक्षा, ना स्वतःचा नंबर, ना आपलं कमिशन सांगायचं बंधन.

हे बदललं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. होम लोनचा सल्ला देणाऱ्या किंवा फाइल करणाऱ्या प्रत्येक माणसाचा, फर्मचा नाही, त्या माणसाचा स्वतःचा रजिस्ट्रेशन नंबर असावा, त्याने एक साधी पण खरीखुरी परीक्षा दिलेली असावी, आणि माझ्या कर्जामागे त्याला किती रुपये मिळणार ते मला सही करायच्या आधी लेखी कळलं पाहिजे.

ज्यांनी अजून होम लोन घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो की ही साखळी चालते कशी. बँकेने नेमलेला असतो तो डीएसए, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट. त्याचं बँकेशी अॅग्रीमेंट असतं, त्याला एक कोड मिळतो आणि फाइल त्या कोडवर लॉगिन होते. पण बऱ्याचदा आपल्यासमोर बसलेला पोरगा डीएसए नसतोच, तो असतो कनेक्टर किंवा सब-एजंट, डीएसएच्या कोडखाली फाइल टाकणारा. कधी तो बिल्डरच्या साइट ऑफिसात टेबल टाकून बसलेला असतो, कधी सोसायटीतला ओळखीचाच कुणीतरी असतो, कधी फ्लॅटचा एजंटच म्हणतो लोनचं टेन्शन घेऊ नका माझा माणूस आहे. आणि बँकेच्या नावाचं आयकार्ड गळ्यात घालून येणारा सेल्सवाला पण पुष्कळदा बँकेच्या पगारावर नसतो, दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवर असतो. डिस्बर्समेंट झालं, म्हणजे कर्जाचे पैसे सुटले, की बँक डीएसएला पेआऊट म्हणजे कमिशन देते, डीएसए त्यातला वाटा कनेक्टरला देतो. पेआऊट टक्केवारीत असतो, म्हणजे कर्ज जितकं मोठं तितका पैसा जास्त. बँकेप्रमाणे, महिन्याच्या टार्गेटप्रमाणे, ऑफरप्रमाणे तो बदलतो. अर्धा टक्का धरला तर ५० लाखांवर २५ हजार रुपये झाले. एका बँकेचा पेआऊट अर्धा टक्का आणि दुसरीचा पाऊण टक्का असेल, तर फाइल कुठे लॉगिन होणार हे वेगळं सांगायला नको, आणि हा पाव टक्क्याचा फरक आपल्याला कधीच कळत नाही.

आता हेच गणित कर्जदाराच्या बाजूने करून बघा. ५० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के दर धरला तर हप्ता येतो साधारण ४३,३९१ रुपये. पावणेनऊ टक्के धरला तर ४४,१८६. महिन्याला ७९५ रुपयांचा फरक, त्याला काय एवढं असं वाटतं, पण २० वर्षांत तो जातो १ लाख ९० हजारांच्या वर. म्हणजे एजंटला जास्तीचे १२ हजार पाचशे मिळावेत म्हणून कर्जदाराचे पावणेदोन-दोन लाख जाऊ शकतात. सगळे एजंट असं करतात असं मी अजिबात म्हणत नाही. पण करू शकतात, आणि केलं तरी कुणाला कळणार नाही अशी व्यवस्था आहे, माझं भांडण या व्यवस्थेशी आहे.

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राने फ्लॅट घेतला, त्याचे कागद त्याने मला बघायला दिले होते. त्याने कर्ज मागितलं होतं ४२ लाख. सँक्शन लेटरवर आकडा होता ४३ लाख ६० हजार. वरचे १ लाख ६० हजार म्हणजे आयुर्विम्याचा सिंगल प्रीमियम, कर्जातच मिसळलेला. त्याने एजंटला विचारलं तर उत्तर आलं, सर ते कंपल्सरी आहे, त्याशिवाय फाइल पास होत नाही. आता हे कंपल्सरी वगैरे काही नसतं, होम लोनसोबत आयुर्विमा घ्याच आणि आम्ही सांगतो त्याच कंपनीचा घ्या असा रिझर्व्ह बँकेचा कुठलाही नियम नाही. त्याच्याकडे आधीच चांगली टर्म पॉलिसी होती, ती दाखवून हा प्रीमियम नको म्हणता आलं असतं. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं धरलं तर त्या १ लाख ६० हजारांचे भरून भरून होतात ३ लाख ३३ हजार. पॉलिसीची पीडीएफ ईमेलवर आली होती, कुठल्यातरी प्रमोशनच्या मेलांच्या ढिगात, त्याने ती उघडली तेव्हा फ्री-लुकचे ३० दिवस उलटून गेले होते, म्हणजे रद्द करायचा सरळ रस्ता बंद. पॉलिसीवर एजंट म्हणून भलत्याच कुणाचं तरी नाव होतं. जो पोरगा घरी येऊन, चहा पिऊन सह्या घेऊन गेला त्याचं नाव अख्ख्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं! अर्जावर फक्त सोर्सिंग कोड होता, तो डीएसएचा. मित्राला तक्रार करायची होती, पण कुणाविरुद्ध करणार? बँक म्हणाली तुम्ही सही केलीये. डीएसए म्हणाला तो मुलगा आता आमच्याकडे नाही. आणि तो मुलगा आता दुसऱ्या एका फायनान्स कंपनीच्या फाइली करतोय.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नंबर का हवा, तर यासाठी. माणूस एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जातो तेव्हा त्याच्या मागे त्याच्या कामाचा काहीच रेकॉर्ड जात नाही. कर्जदाराचा सिबिल स्कोअर मात्र क्रेडिट कार्डाच्या जुन्या चुकलेल्या हप्त्यासकट प्रत्येक बँकेत त्याच्या आधी पोचतो. एका बाजूचा सगळा इतिहास उघडा आणि दुसऱ्या बाजूचा कोराच, हे मला तरी न्यायाचं वाटत नाही.

नियम अजिबातच नाहीत असं पण नाही, ते सांगायला हवं. बँकेने बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं तरी जबाबदारी बँकेचीच, हे रिझर्व्ह बँकेने २००६ च्या आऊटसोर्सिंगच्या नियमांत सांगितलंय. बँकांच्या संघटनेने डीएसएसाठी आचारसंहिता केलेली आहे, ग्राहकाची दिशाभूल करू नये, अवेळी फोन करू नये वगैरे. काही बँका आपल्या डीएसएंची यादी वेबसाइटवर पण टाकतात, पण ती फर्मची यादी असते, समोर बसलेल्या माणसाची नाही. आणि सगळ्यात चांगलं पाऊल म्हणजे की फॅक्ट्स स्टेटमेंट, केएफएस. १५ एप्रिल २०२४ चं परिपत्रक, १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्याने मंजूर होणाऱ्या रिटेल कर्जांना लागू. त्यात एपीआर म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर द्यायचा, बँक दुसऱ्याच्या वतीने जे पैसे घेते, म्हणजे विमा, लीगल चार्जेस वगैरे, ते पण त्या दरात धरायचे, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं, विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यायचे, आणि त्यात न लिहिलेला चार्ज कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावायचा नाही. वाचून खूप बरं वाटतं. माझ्या मित्राला हा केएफएस मिळाला होता, अॅग्रीमेंटच्या जाडजूड गठ्ठ्यात मध्ये कुठेतरी, इंग्लिशमध्ये, सह्या करायच्याच दिवशी. त्याला तो काय आहे हे सांगणारा एकच माणूस तिथे होता, एजंट, आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं.

म्हणून नुसता फॉर्म देऊन भागत नाही. डिस्क्लोजरचा कागद कितीही चांगला केला तरी तो हातात देणारा माणूस कोण आहे, त्याला किती कळतं आणि त्याचा पैसा कशात आहे यावर सगळं येऊन थांबतं.

कळण्याचंच बघा. बँकांनी ऑक्टोबर २०१९ पासून फ्लोटिंग रिटेल कर्जं बाहेरच्या बेंचमार्कला जोडायची असा नियम आहे, बहुतेक ठिकाणी तो रेपो रेट असतो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तो नियम नाही, त्या आपला स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट (पीएलआर) ठरवतात. २०२५ या एका वर्षात रेपो साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आला, तेव्हा रेपोला जोडलेल्या कर्जदारांचा दर रीसेटच्या, म्हणजे दर नव्याने ठरायच्या, तारखेला खाली आला, आणि फायनान्स कंपन्यांकडच्या पुष्कळांना फोन करून, अर्ज देऊन, कधी कन्व्हर्जन फी भरून दर कमी करून घ्यावा लागला. कर्ज घेतानाच हा फरक सांगणं हे एजंटचं काम आहे. किती जण सांगतात? 'सर इथे पण फ्लोटिंग, तिथे पण फ्लोटिंग, सेमच आहे' हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, आणि बोलणारा मुद्दाम खोटं बोलत होता असं मला वाटत नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. तसंच दर वाढला की बँक हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवते आणि २० वर्षांचं कर्ज बघता बघता २५ वर्षांचं होऊन बसतं, याबद्दल ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की रीसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा की मुदत हा पर्याय कर्जदाराला द्या. हे पण कर्ज देतानाच बोलायचं असतं. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला ७५ टक्के ही मर्यादा आहे, बाकीचे पैसे आपले हवेत. ही मर्यादा आहे ती माणूस कर्जात बुडू नये म्हणून, पण पैसे कमी पडले तर पर्सनल लोन काढून देतो म्हणणारे एजंट आहेत, कारण त्यावर पेआऊट होम लोनपेक्षा जास्त. दोन्ही हप्ते एकदम सुरू झाले की त्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर काय हाल होतात ते फाइल करणाऱ्याला बघावं लागत नाही.

अमेरिकेत हे सगळं होऊन गेलंय, फार मोठ्या प्रमाणावर. २००८ च्या आधी तिथे मॉर्टगेज ब्रोकरला असा पैसा मिळायचा की ग्राहकाला जितका दर मिळू शकला असता त्यापेक्षा जास्त दराचं कर्ज त्याला घ्यायला लावलं तर बँक ब्रोकरला जास्त देणार. अनेक राज्यांत लायसन्सचे नियम ढिले होते, एका राज्यात गडबड केलेला माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन तेच काम करायचा. मग घरांचे भाव पडले, कर्जं बुडाली, आणि जुलै २००८ मध्ये सेफ अॅक्ट आला. त्या कायद्याने प्रत्येक मॉर्टगेज लोन ऑफिसरला देशभर एकच नंबर दिला, एनएमएलएस आयडी. लायसन्ससाठी २० तासांचं शिक्षण, परीक्षेत किमान ७५ टक्के, बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी रेकॉर्डची तपासणी, त्याचा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, आणि दरवर्षी ८ तास पुन्हा शिकायचं. न्यू जर्सी किंवा डॅलसला घर घेतलेल्या आपल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, लोन ऑफिसरच्या ईमेलच्या खाली सहीत तो नंबर असतोच, आणि तो वेबसाइटवर टाकला की हा माणूस आधी कुठे होता, त्याच्यावर काही कारवाई झालीये का, हे फुकटात बघता येतं. एप्रिल २०११ पासून कर्जाचा दर जास्त म्हणून जास्त कमिशन, हा प्रकार बंद केला. ऑक्टोबर २०१५ पासून अर्ज केल्यावर तीन कामाच्या दिवसांत लोन एस्टिमेट म्हणजे खर्चाचा अंदाज, आणि क्लोजिंगच्या, म्हणजे शेवटच्या सह्यांच्या, किमान तीन कामाचे दिवस आधी क्लोजिंग डिस्क्लोजर म्हणजे पक्का हिशोब, दोन्ही जवळपास एकाच साच्यातले, म्हणजे आधी काय सांगितलं आणि शेवटी काय लावलं हे शेजारी शेजारी ठेवून ताडता येतं.

तिथलं सगळं सोन्याचं आहे असं नाही. मोठी भोकं आहेत. बँकेत नोकरी करणाऱ्या लोन ऑफिसरला नुसती नोंदणी पुरते, ती राज्याची परीक्षा आणि लायसन्स लागत नाही, म्हणजे तोच सल्ला देणारे दोन माणसं आणि दोघांना वेगळा नियम. आपण करताना ही चूक करू नये. बँकेचा स्टाफ, पेरोलवाला, डीएसए, कनेक्टर, मोबाइल अॅपवाल्यांचा कॉल सेंटरवाला, जो कर्जदाराशी बोलतो तो नियमात आला पाहिजे.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला याहून जास्त शिकवणारं वाटतं, कारण तिथे कमिशनच्या मुळालाच हात घालायचा प्रयत्न झाला. बँकांच्या गैरप्रकारांवर नेमलेल्या रॉयल कमिशनने फेब्रुवारी २०१९ च्या अंतिम अहवालात सांगितलं की ब्रोकरला बँकेने पैसे द्यायचेच नाहीत, कर्जदाराने द्यावेत. ब्रोकर लोकांनी प्रचंड विरोध केला, सरकार मागे सरलं. पण १ जानेवारी २०२१ पासून ब्रोकरने ग्राहकाच्या हिताचंच बघितलं पाहिजे हे कायदेशीर बंधन आलं, आणि त्याचं हित आणि ग्राहकाचं हित यांच्यात टक्कर झाली तर ग्राहकाचं वर. कर्जदाराने फी द्यावी हे आपल्याकडे चालणार नाही असं मला वाटतं, आधीच स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, प्रोसेसिंग फी भरून माणूस रिकामा झालेला असतो, तो म्हणेल मी थेट ब्रँचमध्येच जातो, आणि ज्याला ब्रँचमध्ये कुणी उभं करत नाही त्याचं नुकसान होईल.

कारण एजंट लोकांमुळे कर्ज मिळतं हे पण खरं आहे, ते नाकारायचं कारण नाही. ज्याची वडापावची गाडी आहे, ज्याचं दुधाचं कलेक्शन आहे, ज्याचे आयटी रिटर्न दोनच वर्षांचे आहेत, त्याला मोठी बँक दारातूनच परत पाठवते. त्याची जीपे-फोनपेची स्टेटमेंटं गोळा करून, दुकानाचा शॉप अॅक्ट काढायला लावून, कुठली फायनान्स कंपनी असं प्रोफाइल घेते हे माहीत असणारा एजंटच त्याला घर मिळवून देतो. सांगली-सोलापूर-जालन्याकडे अशी कित्येक घरं उभी आहेत. हे कौशल्याचं काम आहे. म्हणूनच तर मला त्याला नंबर द्यायचाय, सर्टिफिकेट द्यायचंय, आज चांगलं काम करणारा आणि चहा पिऊन सह्या घेऊन गायब होणारा दोघे एकाच रांगेत उभे आहेत, ग्राहकाला फरक कळायला काही साधनच नाही.

लायसन्स म्हटलं की लोकांना लगेच लायसन्स राज आठवतं, चिरीमिरी आठवते, आणि गरीब पोरांच्या पोटावर पाय म्हणतात. ही भीती खरी आहे. परीक्षा इंग्लिशमध्ये ठेवली, फी दहा हजार केली, पदवीची अट घातली तर बारामतीचा बारावी झालेला हुशार पोरगा बाहेर पडेल आणि शहरातल्या चार मोठ्या फर्म सगळा धंदा खातील. म्हणून पदवीची अट नको. परीक्षा मराठीत देता आली पाहिजे, फी एखाद्या मोबाइल रिचार्जइतकी असावी, निकाल लगेच मिळावा आणि नोंदणी ऑनलाइन, कुणाच्या टेबलासमोर उभं राहायला लागू नये. अभ्यासक्रम पंधरा-वीस तासांचा पुरे, त्यात रेपो आणि पीएलआर, एपीआर कसा काढतात, रीसेट म्हणजे काय, विमा कधी नाकारता येतो, प्रीपेमेंटचे नियम, तक्रार कुठे करायची एवढं आलं तरी आजच्या परिस्थितीत खूप झालं. फ्लॅटच्या एजंटांनी पण महारेराच्या परीक्षेच्या वेळी आरडाओरडा केला होता, चाळीस-पन्नास वर्षं धंदा केलेले लोक म्हणाले आम्ही या वयात परीक्षा द्यायची का, पण पुष्कळांनी दिली आणि पास पण झाले.

दुसरा आक्षेप येतो कमिशन सांगण्यावर. म्हणतात की ग्राहक मग कमिशनमधला वाटा मागेल, एजंटचा धंदा बसेल. म्युच्युअल फंडाच्या वेळी अगदी हेच बोललं गेलं होतं. सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, ऑगस्ट २००९ मध्ये एंट्री लोड म्हणजे पैसे गुंतवताना कापला जाणारा चार्ज काढला, ऑक्टोबर २०१६ पासून दर सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये वितरकाला किती रुपये कमिशन गेलं ते छापायला लावलं, ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरुवातीलाच गठ्ठ्याने मिळणारं कमिशन बंद करून वर्षावर्षाला मिळणारं ठेवलं. २०१६ मध्ये फंडांकडे साधारण १६-१७ लाख कोटी रुपये होते, डिसेंबर २०२३ मध्ये ते ५० लाख कोटींच्या पुढे गेले. धंदा बसला नाही. कमिशन कळल्यामुळेच तो वाढला असा दावा मी करणार नाही, पण कळल्यामुळे बुडाला नाही हे तर दिसतंय.

आणि कमिशनचा आकडा काढायला नवीन यंत्रणा लागणार आहे का? बँक डीएसएला पेआऊट देताना टीडीएस कापते. जुलै २०१८ पासून वैयक्तिक डीएसएच्या सेवेवरचा जीएसटी पण बँकच रिव्हर्स चार्जने भरते. म्हणजे कुठल्या पॅनवर किती कमिशन गेलं हे बँकेकडे आहे, आयकर खात्याकडे आहे, जीएसटीकडे आहे. फक्त ज्याच्या कर्जामुळे ते कमिशन निर्माण झालं, ज्याच्या व्याजातून शेवटी ते वसूल होतं, त्याच्याकडे नाही. केएफएसमध्ये एक ओळ वाढवायची, या कर्जावर मध्यस्थाला मिळणारी रक्कम इतके रुपये, मध्यस्थाचा नोंदणी क्रमांक अमुक. टक्क्यांत नको, रुपयांत हवी. अर्धा टक्का वाचून कुणाला काही वाटत नाही, २५ हजार वाचलं की माणूस प्रश्न विचारतो. विम्याचं कमिशन वेगळ्या ओळीत. आणि हा एजंट किती बँकांच्या फाइली करतो, त्यातल्या कुठे कुठे माझी फाइल दाखवली, हे पण. डिजिटल लेंडिंगमध्ये रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या निर्देशांत अनेक कंपन्यांची कर्जं दाखवणाऱ्या अॅपला सांगितलंच आहे की जुळणाऱ्या सगळ्या ऑफर ग्राहकाला दाखवा, एकीकडेच ढकलू नका. अॅपला जे बंधन आहे ते माणसाला का नको?

एक गोष्ट मात्र नुसती सांगून पुरणार नाही, ती बंदच करायला हवी. दर जास्त लावला म्हणून किंवा विमा गळ्यात मारला म्हणून जास्त पेआऊट, हा प्रकार. उघड केल्याने तो सुधारणार नाही, कारण घर हातचं जाईल या भीतीने सही करणारा माणूस त्या क्षणी कुठलाही आकडा मान्य करतो. टोकन दिलेलं असतं, बिल्डरची डिमांड आलेली असते, दोन आठवड्यांत पैसे नाही भरले तर व्याज लागणार असतं. अशा वेळी ग्राहकाच्या शहाणपणावर सगळा भार टाकून नियामकाने हात झटकायचे हे मला पटत नाही.

बॅलन्स ट्रान्सफरकडे, म्हणजे चालू कर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेण्याकडे, पण आत्ताच लक्ष द्यायला हवं. फ्लोटिंग होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराला प्रीपेमेंट चार्ज लागत नाही, ही फार चांगली सोय आहे आणि १ जानेवारी २०२६ पासूनच्या नव्या निर्देशांनी ती आणखी पक्की झालीये. पण तिचा दुसरा परिणाम असा की दोन-तीन वर्षांनी फोन येतो, सर तुमचा दर जास्त आहे, आमच्याकडे आणू, वर टॉप-अप पण मिळेल. नवीन प्रोसेसिंग फी, नवीन लीगल, महाराष्ट्रात पुन्हा नोटिस ऑफ इंटिमेशनचा (गहाणाच्या सरकारी नोंदीचा) खर्च, नवीन विमा, आणि मुदत परत २० वर्षांवर. एजंटला दर वेळी नवा पेआऊट. काहींना त्यात खरंच फायदा होतो, पण तो मोजून दाखवायचं बंधन कुणावरच नाही. ज्याचा नंबर असेल त्याच्या नावावर अशा किती फाइली एकाच घराच्या फिरल्या हे रजिस्टरमध्ये सहज दिसेल.

हे रजिस्टर ठेवायचं कुणी, तर रिझर्व्ह बँकेने. हाउसिंग फायनान्स कंपन्यांचं नियमन २०१९ मध्येच नॅशनल हाउसिंग बँकेकडून तिच्याकडे आलंय, त्यामुळे बँका आणि फायनान्स कंपन्या दोन्ही तिच्याच हाताखाली आहेत, आणि नोंदणी नसलेल्या माणसाला पेआऊट द्यायचा नाही एवढा एकच नियम तिने केला तरी बाकीचं आपोआप रांगेला लागेल, म्युच्युअल फंडात एआरएनशिवाय कमिशन नाही तसंच. तक्रारीचा रस्ता सुद्धा तिथेच जोडायचा. आज बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, जाता येतं, हाउसिंग फायनान्स कंपनीविरुद्ध नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जाता येतं, पण दोन्हीकडे तक्रार संस्थेची होते, फाइल करणाऱ्या माणसाची होत नाही. तक्रारीच्या फॉर्ममध्ये त्याच्या नंबराचा रकाना हवा, आणि तक्रार खरी ठरली तर ती त्या नंबरावर चढायला हवी, तो पुढे कुठल्या का कंपनीत जाईना.